बेल्जियमच्या तेर्व्यूरनला आईबाबांना घेऊन जाताना: एका सातारकराच्या सूचना

आमचा धाकटा भाऊ तिकडं नोकरीला आहे म्हणून गेल्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन तीन आठवडे तेर्व्यूरनला राहून आलो, आणि आल्यापासनं रोज कुणीतरी विचारतंय, कसं गेलात, काय बघितलं, आमच्या पोरीचं पण तिकडंच ठरतंय वगैरे. पोवई नाक्यावर उभं राहून प्रत्येकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तेर्व्यूरन म्हणजे ब्रुसेल्सच्या पूर्वेला जंगलाला चिकटलेलं छोटं गाव. लोकवस्ती बावीस हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं एखादं तालुक्याचं गाव. एका बाजूला जंगल, मधे तळी आणि बाग, बाकी विटांची घरं नि पुढं कुंपणाची झाडं, इंग्लिश शाळा आहे म्हणून बाहेरच्या देशातली माणसंही बरीच. आईला नाव काही केल्या म्हणता येईना, दुसऱ्या दिवशीच तिनं आपल्याकडच्या गावासारखं त्याचं तारळं करून टाकलं आणि आमच्या घरात अजून तेच चालू आहे.

जायच्या आधी एक गोष्ट डोक्यातनं काढा, ती म्हणजे महाबळेश्वरला पॉइंट मोजत फिरतो तसलं फिरणं. इथं पॉइंट नाहीत. ब्रुसेल्सवरनं लोक अर्ध्या दिवसात इथलं आफ्रिका म्युझियम बघून परत जातात आणि मग म्हणतात गावात काय नाय. दिवसाला एकच काम ठेवा, बाकी वेळ तळ्याकाठी बसा, तरच जाण्यात अर्थ आहे.

व्हिसाचं पटकन सांगतो. शेंगेन व्हिसा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर आणून ठेवू नका, जिवाला घोर लागतो. मोठ्यांची फी 90 युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरो कव्हरचा पाहिजे. 180 दिवसांत 90 दिवसांच्या वर राहता येत नाही. खर्च पोरगा किंवा भाऊ उचलणार असेल तर त्यानं तिथल्या नगरपालिकेत जाऊन हमीपत्र करून द्यायचं, त्याला ॲनेक्स 3 बिस म्हणतात, त्याला वेळ लागतो, मूळ कागद कुरिअरनं मागवून घ्या, स्कॅन चालेल असं धरून बसू नका.

आता बॅगा, आणि इथंच सगळ्यांच्या घरी भांडणं होणार आहेत. युरोपियन युनियनमधे बाहेरनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे कंदी पेढे नाहीत, साजूक तूप नाही, खवा घातलेलं काही नाही. सातारकर माणूस पेढ्याशिवाय पाहुण्याकडं कसा जाणार, आईनं डबा लपवून ठेवला होता तो निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी काढून शेजारी दिला, दोघं खंबाटकी बोगद्यापर्यंत बोलत नव्हती. ताजी फळं, कढीपत्ता, रोप, बी असलं पण नको, त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं. गंमत म्हणजे पाच फळांना यातनं सूट आहे, नारळ, केळी, अननस, खजूर आणि तो वासाचा दुरियन, त्यामुळं आंबा नाय पण नारळ चालतो, तेव्हा ओटी भरायला अडचण नाही. भाजणी, मेतकूट, पापड, शेंगदाण्याची चटणी, कांदा लसूण मसाला हे सगळं आमचं बिनबोभाट गेलं. मसाला मात्र तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर आठवडाभर सगळ्या कपड्यांना त्याचा वास.

विमानतळ झाव्हेंटेमला आहे, तिथनं तेर्व्यूरन कारनं पंधरावीस मिनिटं. कुणी न्यायला येणार असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, ट्रेननं ब्रुसेल्स सेंट्रलला जायचं, तिथनं मेट्रो लाइन 1, स्टोकेलच्या बाजूची, आणि मॉन्टगोमेरीला उतरायचं. मॉन्टगोमेरीत जमिनीखालनंच 44 नंबरची ट्राम सुटते. तिथनं दुसरी पण ट्राम आहे, ती वेगळीकडं जाते, आम्ही पहिल्या दिवशी बोलत बोलत तिच्यातच चढलो होतो, तेव्हा पाटीवर 44 आणि तेर्व्यूरन दोन्ही बघून मगच पाय ठेवा. बँकेचं टॅप करायचं कार्ड ट्राममधल्या मशीनला लावलं की झालं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं, त्यामुळं आईबाबांची कार्डं परदेशात चालू करूनच निघा.

या ट्रामबद्दल जरा जास्त लिहितो कारण मला विचाराल तर निम्मा पैसा वसूल इथंच आहे. साधारण वीसपंचवीस मिनिटांचा रस्ता. सुरवातीला मोठा रुंद रस्ता आणि दोन्हीकडं झाडं, हा रस्ता 1897 च्या ब्रुसेल्सच्या प्रदर्शनासाठी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा यानं करून घेतलेला. मग डावीउजवीकडं वोलुवेची तळी दिसतात, ट्रामचं म्युझियम लागतं, आणि त्यानंतर एकदम घरं संपतात आणि ट्राम सरळ जंगलात शिरते. यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की एकदम हवा बदलते ना, तसं. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून दोन ट्राम सोडायचे. फक्त ट्राममधे मोबाइल स्पीकरवर लावून बोलू नका. काकांचा व्हिडिओ कॉल आला, बाबा नेहमीच्या आवाजात बोलले, अख्खा डबा मागं वळून बघायला लागला, कुणी काही बोललं नाही पण मलाच कसंतरी झालं.

भाषेचं लक्षात घ्या. ब्रुसेल्समधे पाट्या फ्रेंच आणि डच दोन्हीत असतात, तेर्व्यूरन फ्लेमिश भागात येतं म्हणून तिथं फक्त डच. एकाच जंगलाचं फ्रेंच नाव स्वान्य आणि डच नाव झोनियनवाउड, त्यामुळं मॅपवर शोधताना गोंधळ होतो. दुकानात शिरल्यावर आधी गुडेडाख म्हणायचं, काम झालं की डांक यू, मग इंग्लिश बोललं तरी हसून उत्तर देतात. आणि आता सातारकरांसाठी खास, डचमधे चीजला कास म्हणतात. खरंच, उच्चार अगदी आपल्या कास पठाराचाच. पहिल्यांदा सुपरमार्केटात कपाटावर कास कास कास लिहिलेलं भावानं वाचून दाखवलं तेव्हा बाबा तिथंच हसत सुटले, म्हणाले एवढ्या लांब येऊन परत कासलाच आलो.

म्युझियमला पूर्ण दिवस द्या आणि सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपासनं चालत पाच मिनिटं. आफ्रिका म्युझियम म्हणतात त्याला, 1910 ला उघडलेली राजवाड्यासारखी इमारत, पॅरिसची ‘पती पाले’ नावाची इमारत बांधणाऱ्या शार्ल जिरोनंच हिचा पण आराखडा केलेला. पण ही नुसती सुंदर इमारत म्हणून बघायला जाऊ नका, आईबाबांना आधी घरी बसवून थोडं सांगा. 1885 ते 1908 कांगो हा देश लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता, एका माणसाची, आणि तिथल्या रबर नि हस्तिदंतापायी लोकांचे भयंकर हाल झाले. 1897 च्या प्रदर्शनासाठी 267 कांगोली माणसं इथं आणून बागेत खोटं गाव उभारून लोकांना दाखवली, त्यातली सात माणसं इथंच मेली. त्यांच्या कबरी गावातल्या चर्चशेजारी आहेत, आपण भाजी आणायला जाताना वाटेतच लागतात.

म्युझियम पाच वर्षं बंद ठेवून 2018 च्या डिसेंबरला परत उघडलं, तेव्हा बरंच बदललंय. आत नव्या काचेच्या इमारतीतनं जायचं, मग तळघरातल्या लांब रस्त्यानं, तिथं एकाच झाडाच्या खोडाची 22 मीटरपेक्षा लांब होडी ठेवलीय, आपल्या एसटीच्या दोन गाड्या मागंपुढं लावल्या तर साधारण तेवढी होईल. वर एका भिंतीवर कांगोत मेलेल्या 1508 बेल्जियन लोकांची नावं जुन्या काळी कोरलेली आहेत. त्याच्यासमोर खिडकीच्या काचेवर एका कांगोली कलाकारानं त्या सात जणांची नावं लिहिलीत, ऊन आलं की त्या नावांची सावली पलीकडच्या भिंतीवर पडते. ढग असले तर काहीच दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा आभाळ होतं, भाऊ म्हणाला चला पुढं, आई म्हणाली थांब जरा, आणि पंधरा मिनिटांनी ऊन पडलं. म्हणून म्हणतोय घाई करू नका. परत येताना बाबा विचारत होते की ह्या वस्तू कांगोला परत का देत नाहीत. आपल्याकडं 2024 च्या जुलैला वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा पण रांगेत हीच चर्चा होती, आपलीच वस्तू लंडनवाल्यांकडनं उसनी घेऊन बघायची. या प्रश्नावर ट्राममधे आमचा आवाज परत वाढला.

म्युझियमच्या मागं बाग आहे, तिला काही तिकीट नाही. तळी, हंस, बदकं, बाकं. इथं पूर्वी ब्राबांटच्या ड्यूक लोकांचा वाडा होता, तो 1782 ला पाडून टाकला, आता संत ह्यूबर्टचं छोटं देऊळ म्हणजे चॅपेल आणि घोड्याच्या नालासारखी वळलेली तबेल्याची इमारत उरलीय. ह्यूबर्ट हा शिकाऱ्यांचा संत, तो याच गावात वारला असं मानतात. बाबांना साताऱ्यात रोज चार भिंतीच्या टेकडीवर चढायची सवय, इथं चढच नाही म्हणून पहिले दोन दिवस चिडचिड, मग तळ्याला तीन फेऱ्या असा हिशोब बसवला आणि गडी खूष.

बागेच्या पुढं चालत गेलात की आर्बोरेटम, 1902 ला सुरू केलेलं झाडांचं संग्रहालय म्हणा. इथं झाडं जातीवर नाही तर देशावर लावलीत, म्हणजे एका भागात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची उंचच्या उंच झाडं, सेक्वोया वगैरे, पुढं गेलं की जपान. फुकट आहे. पायाला त्रास असणाऱ्यांनी गाडीनं जवळ जाऊन मग थोडंच फिरावं, आत पायवाटा लांब आहेत आणि पावसानंतर चिखल असतो. आईनं साडीवर स्पोर्ट शूज घातले, सुरवातीला लाजत होती, नंतर साताऱ्यात पण तेच चालू आहे.

जंगल मुख्य करून बीच नावाच्या झाडांचं, सरळसोट राखाडी खोडं, खाली पाचोळा. याचा काही भाग 2017 ला युनेस्कोच्या यादीत गेला, आपलं कास पश्चिम घाटाबरोबर 2012 ला गेलं तसंच. फरक एवढाच की इथं गजरा करायला फुलं तोडणारं आणि गाडीत गाणी लावणारं कुणी दिसलं नाही. ठरलेल्या वाटेवरनंच चालायचं. सायकलची वाट वेगळी असते, तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका, मागनं सायकलवाला सुसाट येतो आणि घंटा वाजवतो ती पण शिवी दिल्यासारखी. गवतात बसलात तर घरी येऊन पाय, गुडघ्याची खोबण नीट बघा, गोचिडी चावतात आणि त्यातनं लाइम नावाचा आजार होऊ शकतो, फुल पँट आणि मोजे घाला.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर फ्राइजच्या गाडीवर आधी विचारा की तळलंय कशात, कारण पारंपरिक पद्धत गाईच्या चरबीत तळायची. आम्हाला हे चार दिवसांनी कळलं, आईला अजून सांगितलेलं नाही. चीजचे गरम क्रोकेट म्हणजे तळलेले रोल मिळतात, कासक्रोकेट, नावासाठी तरी खा. नळाचं पाणी पिता येतं पण हॉटेलात फुकट पाणी ठेवत नाहीत, बाटली सोबत असू द्या. रविवारी बरीच दुकानं बंद, बेकरी सकाळी उघडी असते, तेव्हा शनिवारीच दूध भाजी भरून ठेवा. टॉयलेटला पन्नास सेंट वगैरे लागतात, खिशात चिल्लर पाहिजेच, युपीआय इथं कामाचं नाही.

सांगली तासगावकडचे कुणी जाणार असतील तर शेजारच्या हुइलार्ट आणि ओव्हरआइसे या गावांना एक चक्कर मारा, गाडीनं लांब नाही. या थंड मुलखात काचेच्या घरात कोळसा जाळून ऊब देऊन खायची द्राक्षं पिकवायचे, हजारो काचघरं होती. पुढं इंधन महाग झालं आणि दक्षिणेकडची स्वस्त द्राक्षं बाजारात आली, धंदा बसला, आता थोडीच उरलीत. आमच्याबरोबर तासगावचा भावाचा मित्र होता, तो पाऊण तास एका काचेला नाक लावून उभा होता आणि एकरी हिशोब करत होता.

कधी जायचं तर मे जून, नाहीतर झाडं पिवळी होतात तेव्हा ऑक्टोबरचा शेवट. जूनला रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवायचं भान राहत नाही. डिसेंबरला दुपारी साडेचार पावणेपाचलाच अंधार, म्हाताऱ्या माणसांचं मन लागत नाही. छत्री आणि स्वेटर मेमधे पण.

चॉकलेट विमानतळावर घेऊ नका, महाग पडतं, गावातल्या सुपरमार्केटात घ्या. आणि मुंबईवरनं साताऱ्याला येताना ते डिकीत टाकू नका. आम्ही टाकलं, मेचं ऊन, खंबाटकी उतरायच्या आतच चार किलो चॉकलेटचा रस्सा झाला होता, फ्रिजमधे घालून त्याची वीट केली आणि सगळ्या गल्लीला सुरीनं कापून वाटली.