उपनगरात मिसळलेल्या गावाचा इतिहास कसा नोंदवावा

नवी मुंबईतील एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात रेल्वे स्थानकापासून न करता गावठाणातून करावी, कारण १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि वाशीला लोकल १९९२ मध्ये आली, तर गावदेवीचे मंदिर, विहीर, होळीचे मैदान व खाडीकडे उतरणारी वाट त्याआधीपासूनची असते.

या खुणा हाताने काढलेल्या नकाशावर मांडून झाल्या की जुने सातबारा व फेरफार उतारे मिळवावेत. सातबाऱ्यावरील ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. जिथे आज इमारत उभी आहे, तिथली भातखाचरे कोणत्या नावाने ओळखली जात, हे तिथेच सापडू शकते. फेरफारातून जमीन संपादनाचा काळ कळतो. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअरही चाळावे.

मात्र खरा इतिहास आगरी-कोळी घरांतील वडीलधाऱ्यांकडे असतो. ‘आजी, खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कोण घालत असे?’ असा नेमका प्रश्न विचारला, की बांध, उघाडी (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याची दारे), मिठागरे हे सारे ओघाने येते. संपादित जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासई आंदोलनाविषयी विचारताना घाई करू नये, कारण शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. सांगणाऱ्याची बोली जशीच्या तशी लिहावी आणि मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा.