पद रद्द झाल्यास काय मिळेल, हे करारातच कसे ठरवून घ्यावे

कामात कसूर नसताना केवळ पदाची गरज उरली नाही म्हणून नोकरी जाते, तेव्हा कर्मचाऱ्याला मुख्यतः दोनच आधार असतात: लागू असलेला कामगार कायदा आणि सही केलेला करार. कायदा किमान पातळी ठरवतो. त्याहून अधिक काही हवे असेल तर ते करारातच लिहून घ्यावे लागते. पद कधीच रद्द होणार नाही, अशी हमी देणारा मालक विरळाच, आणि ती मागण्यात वाटाघाटीची ताकद घालवू नये असे माझे मत आहे. त्याऐवजी कपात करताना मालकाला पुरेशी पूर्वसूचना, ठरलेली भरपाई आणि लेखी कारण द्यावेच लागेल, अशी तजवीज करावी.

आधी आपली किमान पातळी जाणून घ्यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारनाम्यानुसार सेवासमाप्तीला कर्मचाऱ्याची क्षमता, त्याचे वर्तन किंवा आस्थापनेची कामकाजविषयक गरज यांपैकी वैध कारण लागते. अनेक देशांनी तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे सर्वांनाच त्याचा थेट आधार मिळत नाही. तरीही स्वतःचा करार तपासण्यासाठी तो चांगला मापदंड आहे. करार ठरावीक मुदतीचा असेल, तर मुदतीआधी तो संपवण्याची मुभा मालकाला आहे का, हे प्रथम पाहावे. तशी मुभा नसेल, तर उरलेल्या मुदतीच्या वेतनावर दावा सांगता येण्याची शक्यता असते.

नोटीस पिरियडचे कलम बहुतेक जण केवळ महिने मोजून सोडून देतात. तेथे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सेवेची वर्षे वाढतील तसा हा कालावधी वाढतो का, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: मालकाने नोटिशीऐवजी पगार देऊन त्याच दिवशी सेवा संपवली, तर त्या कालावधीत देय होणारा बोनस किंवा हाती येणारे शेअर बुडतात का? ‘कर्मचाऱ्याने पूर्ण नोटीस पिरियड काम केले असे धरून सर्व लाभ मोजले जातील’ हे एक वाक्य करारात असले, तर हा प्रश्न मिटतो.

भरपाईचे कलम मात्र आकडे मांडूनच वाचावे. समजा महिन्याचे एकूण वेतन १०० आहे, त्यातील मूळ वेतन ४० आहे आणि सेवा ७ वर्षे ८ महिने झाली आहे. ‘प्रत्येक पूर्ण वर्षासाठी अर्ध्या महिन्याचे मूळ वेतन’ असे सूत्र असेल, तर हाती १४० येतात. ‘प्रत्येक वर्षासाठी, अपूर्ण वर्षाच्या प्रमाणासह, एका महिन्याचे एकूण वेतन’ असे असेल, तर सुमारे ७६७ येतात. वेतनाची व्याख्या अनेकदा कराराच्या सुरुवातीला, भरपाईच्या कलमापासून बरीच दूर असते, म्हणून ती शोधून काढावी. ही रक्कम कायद्याने मिळणाऱ्या भरपाईशिवाय आहे की तिच्यासकट, हेही स्पष्ट लिहून घ्यावे.

भरपाई नाकारण्याची वाट बहुधा ‘गैरवर्तन’ या व्याख्येतून काढली जाते. ‘किंवा व्यवस्थापनाच्या मते अयोग्य असे कोणतेही वर्तन’ अशी शेपटी व्याख्येला जोडलेली असेल, तर ती काढून टाकण्याचा आग्रह धरावा आणि गैरवर्तनाचे प्रकार नेमके नमूद करून घ्यावेत. उलट बाजूने, पगार कमी करणे, दूरच्या शहरात बदली करणे किंवा कंपनी विकल्यावर अधिकार काढून घेणे यांमुळे राजीनामा द्यावा लागल्यास तीही पदकपातच समजली जाईल, असे लिहून घ्यावे. वरिष्ठ पदांवरील करारांत असे कलम दिसते; इतरांनीही ते मागायला हरकत नाही.

कोणाला कमी करायचे याचे निकष आधीच ठरलेले असावेत आणि पुन्हा भरती झाल्यास कमी केलेल्यांना प्राधान्य मिळावे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १६६ क्रमांकाची शिफारस सांगते. करारात किमान एवढे मिळवावे: निवडीचे कारण लेखी, रिकाम्या असलेल्या योग्य पदाचा प्रस्ताव, आणि ते पद आजमावण्यासाठी काही आठवडे, ज्यात नकार दिला तरी भरपाई कायम राहील. स्पर्धक कंपनीत जाण्यास मनाई करणारे कलम असल्यास, पद रद्द झाल्यावर ते आपोआप गळून पडेल असेही नमूद करून घ्यावे.

हे सारे मागण्याची उत्तम वेळ म्हणजे सहीआधीची. त्यानंतरची संधी बढतीच्या किंवा नव्या नेमणुकीच्या पत्राच्या वेळी मिळते. मुलाखतीत तोंडी दिलेल्या आश्वासनांवर विसंबू नये, कारण ‘हा करार म्हणजेच उभय पक्षांतील संपूर्ण समझोता’ हे कलम त्यांना निष्प्रभ करू शकते. भरपाईचे नियम केवळ कंपनीच्या सेवानियमावलीत असतील आणि ती कधीही बदलण्याचा हक्क कंपनीने राखलेला असेल, तर सहीच्या दिवशीचे नियम कराराला जोडून घ्यावेत.

प्रत्यक्ष कपातीची वेळ आली, तर समोर ठेवलेल्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नये. तो राजीनाम्याचा मसुदा असेल तर विशेष सावध राहावे, कारण स्वेच्छेने दिलेला राजीनामा नोंदला गेला की पदकपातीची भरपाई मागणे फार अवघड होते. कागदाची प्रत आणि विचारासाठी मुदत ईमेलने मागावी, मूळ करार शेजारी ठेवून प्रत्येक रक्कम पडताळावी आणि सहीआधी कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला दोन्ही कागद दाखवावेत.