आई-बाबांचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला, घर खेड्यात : सेवेची सोय कशी लावायची

"आता घरी न्या, सेवा करा" असं डॉक्टर म्हणाले की आपण गाडीत बसल्याबसल्या पहिला फोन करतो तो एखादी बाई मिळते का हे पाहायला. मीही तेच केलं. बाबांना तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायी जबड्याचा कॅन्सर, गाव तालुक्यापासून लांब, आठ दिवसांत दोन बाया आल्या नि निघून गेल्या, कारण बाबा रात्रभर कण्हायचे आणि त्या घाबरायच्या. नंतर कळलं की आमचा क्रमच उलटा होता. आधी दुखणं आटोक्यात आणा, माणूस मग शोधा. दुखणं थांबलं की मागे जे काम उरतं ते गावातली समजदार बाईही करते.

तर पहिलं काम दवाखान्यातून निघायच्या आधीचं. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, चालू गोळ्यांची डोससकट यादी, हे सगळं एका फाइलीत लावा आणि सगळ्याचे फोटो दोन भावंडांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कार्डावर "पॅलिएटिव्ह केअर" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, ह्याला उपशामक सेवा पण म्हणतात, म्हणजे आजार बरा करायचा नाही पण त्रास कमी करायचा. हे दोन शब्द नसले की पुढे प्रत्येक दवाखाना पुन्हा तपासण्या करायला लावतो. आणि नाकातली नळी किंवा लघवीची नळी असेल तर वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून ती सांभाळायचं काम स्वतःच्या हातानं एकदा करून पाहा, नुसतं पाहू नका. नाकातल्या नळीतून पातळ देताना डोकं उंच ठेवायचं आणि नंतरही निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बाबांना ठसका लागला तेव्हा समजलं.

आता दुखण्याचं. कॅन्सरच्या जबर दुखण्यावर मॉर्फिन हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे, पण ते चौकातल्या मेडिकलवर मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या दवाखान्यातूनच मिळतं. अमली पदार्थांचा कायदा २०१४ साली सोपा झाला तरी तालुक्याच्या पातळीवर हात वरच करतात. आम्हाला एका दवाखान्यात "त्यानं सवय लागते" म्हणून परत पाठवलं, पंधरा दिवस वाया गेले. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या डोसप्रमाणे घेतलं तर व्यसनाची भीती धरायचं कारण नाही, आणि या वयात, या आजारात सवयीची चिंता करायची तरी कोणासाठी? विचारायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, किंवा आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातला एनसीडी (कॅन्सर, मधुमेह अशा न पसरणाऱ्या आजारांचा) विभाग. जायच्या आधी फोन करून विचारा की पेशंटला न आणता, कागद आणि आधार कार्ड दाखवून नातेवाइकाला गोळ्या देता का. दर वेळी भाड्याच्या गाडीत शंभर किलोमीटर हाडं खिळखिळी करत नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास राहतो, म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची, ओरडायला लागल्यावर नाही. पोट हमखास गच्च होतं, तेव्हा पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मळमळ, झोप येते. पण हलवूनही जागे होत नसतील, श्वास फार हळू पडत असेल तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टरांना फोन. लांब असराच्या गोळ्या कुटून नळीतून द्यायच्या नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. फेंटानिल या दुखण्यावरच्या औषधाचा कातडीवर लावायचा पॅच दिला असेल तर आपल्या विदर्भातला मे महिना ध्यानात घ्या : अंगात ताप असला किंवा पॅचवर ऊन, शेक लागला तर औषध जास्त वेगानं अंगात उतरतं. टिनाच्या घरात हे धोक्याचं आहे, पलंग कूलरच्या बाजूला हलवा.

गावात सगळ्यात आधी आशाताईला गाठा. उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथल्या सेवांच्या यादीत म्हाताऱ्यांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर दोन्ही आहे, म्हणजे घरी येऊन पाहा म्हणणं ही काही मेहेरबानी मागणं नाही. प्रत्यक्षात कोणी लगेच येईल असं नाही, चार वेळा सांगावं लागतं. पण एकदा नर्सताईंनी जखमेचं ड्रेसिंग दाखवून दिलं की अर्धी भीती जाते. जखमेला वास येत असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे, लोक लाजेपायी उदबत्त्या लावत बसतात. घरबसल्या बोलायला पॅलिएटिव्ह केअरची साथ-साथ हेल्पलाइन आहे, १८०० २०२ ७७७७. राज्याची आरोग्य हेल्पलाइन १०४ आणि अँब्युलन्सला १०८. हे तिन्ही नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर चिकटवा, आपल्या मोबाइलमध्ये असून काही फायदा नाही, आपण नेमके वावरात असतो.

आता बाई. नागपूर, अमरावतीचे ब्युरो बारा तासाची, चोवीस तासाची बाई देतात, पण खेड्यात राहायला त्या सहसा तयार होत नाहीत आणि आल्या तर राहणं, जेवण, येणंजाणं आपल्याकडे. ब्युरोकडून घेतलीच तर आधार कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन आणि "ती सोडून गेली तर दुसरी किती दिवसांत" हे आधी लिहून घ्या, आणि आया म्हणजे नर्स नाही, तिला इंजेक्शन द्यायला लावू नका. माझं मत, गावातलीच बाई बघावी. फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत तिला वेचणीच्या मजुरीपेक्षा जास्त द्या, नाहीतर दिवाळीनंतर ती येणार नाही आणि त्यात तिची काही चूकही नाही. काम ठरवून सांगा : दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड ओल्या कापसानं पुसणं, चादर कोरडी ठेवणं. एअर बेड घेतलात तरी लाइट गेली की तो बसतो, कूस बदलणं चुकत नाही. तोंडाच्या, मानेच्या कॅन्सरमध्ये कधी एकदम रक्त येतं, त्यासाठी गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल उशाशी ठेवा, पांढऱ्या कापडावर तेच रक्त चौपट दिसतं आणि पेशंट हादरतो.

रात्र मात्र घरच्यांनीच वाटून घ्यावी. आणि भेटायला येणाऱ्यांचा काही उपयोग करा राजेहो! आमच्याकडे रोज दहा माणसं यायची, बिस्किटचे पुडे घेऊन, बाबांना तर गिळताही येत नव्हतं. मग आईनं सरळ सांगायला सुरुवात केली, काही आणू नका जी, दुपारी दोन तास बसा, मी जरा पाठ टेकवते. चौघीजणी खरंच बसल्या.

पैशाचं थोडक्यात. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड निघतं, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांना, घरच्या बाईच्या पगाराला नाही. गरीब घरातल्या ६५ च्या आतल्या कॅन्सर पेशंटला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, ६५ च्या पुढे श्रावणबाळ, दोन्हीचे कागद तहसीलला. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे फुकट.

शेवटचं बोलणं आम्ही टाळत राहिलो. बाबाच एक दिवस म्हणाले, "मले आता दवाखान्यात नोको नेऊ." खरं म्हणजे आपणच आधी विचारावं, आणि ते डॉक्टरांनाही सांगून ठेवावं, नाहीतर ऐन वेळी एखादा पाहुणा गाडी बोलावतो नि वाटेतच सगळं होतं. घरी खूपच हाल व्हायला लागले तर नागपूरला स्नेहांचल हे अशाच पेशंटसाठीचं केंद्र आहे, तिथे आधीच फोन करून ठेवा. माणूस घरी गेला तर मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची, सोबत आजाराची फाइल न्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नका, मोजून जिथून आणल्या तिथेच परत द्या.