एसीचा पंखा फिरतोय, हवा मात्र गरमच? थर्मोस्टॅटच्या वायरिंगला हात घालण्याआधी या चुका टाळा

मे महिना, जुळे सोलापूर, पारा 43 वर. आमच्या विंडो एसीचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर गप्प. अमेरिकेतल्या भाच्याने लगेच व्हिडिओ पाठवला, "मामा, थर्मोस्टॅटच्या वायरी तपासा, सोपं आहे." व्हिडिओतला गडी भिंतीवरचा डबा काढून रंगीत तारा उघड्या हाताने चाचपत होता.

तो व्हिडिओ बघून आपल्याकडे तसंच करणं ही सगळ्यांत मोठी चूक. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच. तिकडे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला ट्रान्सफॉर्मरमधून 24 व्होल्ट येतात. त्याच्या तारांना इंग्रजी अक्षरं असतात: आर म्हणजे सप्लाय, वाय कॉम्प्रेसरचा इशारा, जी पंख्याचा. आपल्या विंडो एसीत नॉबमागच्या थर्मोस्टॅटमधून थेट 230 व्होल्ट जातात. म्हणून आधी प्लग काढा, स्प्लिट असेल तर एमसीबी पाडा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. आत कपॅसिटर असतो, तो लाइट काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. त्याला हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं.

दुसरी चूक घाईची. लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर साधारण 3 मिनिटं थांबतो, स्टॅबिलायझर स्वतःचा वेळ घेतो तो वेगळाच. तेवढ्यात लोक चार वेळा बटण दाबतात आणि पाने-पक्कड काढून बसतात. रिमोट फॅन मोडवर तर नाही ना, हेही बघा. हसू नका, आमच्या शेजारच्या काकूंनी यापायी मेकॅनिकला फुकटची फी दिलीय.

आता आमची भानगड. विंडो एसीच्या थर्मोस्टॅटमधून तांब्याची केसासारखी बारीक नळी निघते, टोकाला पेन्सिलीएवढा बल्ब, तो कूलिंग कॉइलसमोर क्लिपमध्ये बसतो. फिल्टर धुताना मी ती नळी दुमडली होती. नळी चिरली की आतला गॅस जातो, कॉन्टॅक्ट जुळत नाही, कॉम्प्रेसर सुरू होत नाही. तपासायचं कसं? प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी सोडवा, नॉब फुल कूलवर ठेवा आणि थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर लावा. खोली तापलेली असूनही बीप आला नाही, तर थर्मोस्टॅट गेला. आमच्याकडे आलेल्या पहिल्या मेकॅनिकने त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, टेप मारली, पैसे घेतले. गारवा झकास आला! पण कॉम्प्रेसर थांबेचना. पहाटे कॉइलवर बर्फाची खपली आणि खाली गादी ओली. डायरेक्ट करणं तपासणीपुरतं ठीक, तसंच ठेवून देणं नाही.

स्प्लिटमध्ये नॉब नसतो, तापमान मोजणारा सेन्सर असतो. बरेच सेन्सर 25 अंशांना 10 किलोओमचे असतात आणि उष्णता वाढली की आकडा उतरतो. सोलापूरच्या 40 अंशांच्या खोलीत मीटर साडेपाच-सहाच्या आसपास दाखवतो, तो पाहून चांगला सेन्सर फेकू नका. मुठीत धरून बघा: एवढ्या तापलेल्या खोलीत आपला हातच गार, त्यामुळे आकडा चढायला हवा. मीटर शून्य दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तर मात्र बदला, तोही त्याच किलोओमचा. दुसऱ्या आकड्याचा बसवला तर एसी तापमान चुकीचं वाचतो.

गच्चीवरच्या आउटडोअरची वायर उन्हात कडक होते, उंदीर कुरतडतात, जॉइंटवरची टेप सुटते. टर्मिनलवर काळपट डाग दिसला तर स्क्रू ढिला होता समजा. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. इनडोअरचा 1 नंबरचा टर्मिनल आउटडोअरच्या 1 लाच, 2 हा 2 लाच. इन्व्हर्टर एसीत ही अदलाबदल झाली की एरर कोड येतो, कॉम्प्रेसर उठत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी राहणाऱ्यांनी वायरिंगआधी आउटडोअरची जाळी बघावी. सुताचं तूस साचून कॉम्प्रेसर तापतो आणि ट्रिप होतो.

आम्ही शेवटी नवा थर्मोस्टॅट बसवला, बल्ब क्लिपमध्ये नीट अडकवला, भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मामा, यात आर आणि वाय कुठंय?"