कपाशीसाठी निंबोळी अर्क घरीच करायचा असेल तर आत्ताच कामाला लागा

जून लागला की धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडते आणि आपण त्यावरूनच बंडी घालून वावरात जातो. मग ऑगस्टमध्ये पानाचा रस शोषणारे तुडतुडे दिसले की कृषी केंद्रावर धाव, उधारीत बाटली. भाऊ, ज्याला खरंच विषारी औषध कमी करायचं आहे त्यानं फवारणीच्या वेळी नाही, आत्ता वेचणीच्या वेळीच सुरुवात केली पायजे, कारण सप्टेंबरमध्ये चांगली निंबोळी कुठून आणणार?

पिकून ताज्या पडलेल्या वेचा, पावसात सडून काळ्या पडलेल्या किंवा बुरशी आलेल्या राहू द्या. घरच्या बाया-पोरांकडून वेचून घेत असाल तर त्यांना मजुरी द्या, हे मनापासून सांगतो, फुकटचं काम समजू नका. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढायचा, बिया धुवून सावलीत वाळवायच्या. कडक उन्हात टाकू नका, कारण निंबोळीत जे खरं काम करते ते अझाडिरॅक्टिन उन्हानं कमजोर होते. खडखडीत वाळल्या की बारदान्यात भरून हवेशीर जागी ठेवा, प्लास्टिकच्या पोत्यात ओल धरते आणि बुरशी लागते. किती लागतील? मोठ्या झालेल्या कपाशीला एकरी साधारण 200 लिटर फवारा लागते, त्याला 10 किलो पावडर, म्हणजे तीन फवारण्या धरल्या तर एकरी 30 किलो वाळलेल्या बिया पायजेत.

आता अर्क. हे 100 लिटरचं, 5 टक्क्याचं प्रमाण आहे. 5 किलो बिया कुटून घ्या, पण हलक्या हातानं, तेल सुटेपर्यंत नाही. ही भरड संध्याकाळी 10 लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी काठीनं चांगलं ढवळा, पाणी दुधासारखं पांढरं दिसलं पायजे, मग दुहेरी फडक्यातून पिळून गाळा. गाळण्यात आळस केला की नोझल दर दोन तासांनी जाम होते आणि माणूस वैतागून हे सगळंच सोडून देते, म्हणून पुन्हा सांगतो, दोनदा गाळा. 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात टाका, यानं फवारा पानाला धरून राहते. मग एकूण 100 लिटर होईपर्यंत पाणी. त्याच दिवशी संपवा, शिळा ठेवू नका, आणि ऊन उतरल्यावर फवारा.

पंप मात्र वेगळा ठेवा! तणनाशकाचा पंप नीट धुतला नसला आणि त्यात 2,4-डी चा अंश राहिला तर कपाशीची पानं आखडतात, आणि दोष बिचाऱ्या निंबोळीवर येते.

कधी फवारायचं हे शेजाऱ्यानं फवारलं म्हणून ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं. वावरात तिरपं फिरत 20 झाडं घ्या, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटून पाहा. पानामागं सरासरी 2 तुडतुडे किंवा 10 फुलकिडे भरले की फवारा. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असे किडींना खाणारे आपले मित्र दिसत असले तर अजून चार दिवस थांबायला हरकत नाही, ते आपलंच काम करून राहिले. पहिल्या दोन महिन्यात कडक औषध मारलं की हेच आधी मरतात आणि मग पांढरी माशी उसळते. निंबोळीनं किडा फटकन पडत नाही, तो खाणं सोडते, अंडी कमी घालते, कात नीट टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधाल तर निराश व्हाल.

गुलाबी बोंडअळीचं खरं सांगतो, ती एकदा बोंडात शिरली की निंबोळीच काय, कोणतंच औषध तिथवर पोचत नाही. म्हणून फुलं लागायच्या आधीच एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री 8 पतंग आले की समजा फवारणीची वेळ आली. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करा, आणि दर आठवड्याला 20 हिरवी बोंडं फोडून पाहा, 2 मध्ये अळी निघाली तर मग कृषी विद्यापीठानं शिफारस केलेलं औषध लागेलच, तिथं हट्ट नको.

2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली, त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं चालू होतं. ते आठवलं की आजही जीव कळवळते. निंबोळीतही दुसरं औषध मिसळू नका, तोंडाला दुपट्टा बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका.

गाळून राहिलेला चोथा शेणखताच्या खड्ड्यात टाका. आणि डिसेंबरअखेर कपाशी संपवून पऱ्हाटी काढा, फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेली कपाशी, ठेवू नका, शेजारच्या वावरवाल्यालाही सांगा, कारण बोंडअळीच्या पतंगाला धुरा दिसत नाही.