नेटवर्कवरून लॅपटॉपवर डेबियन लिनक्स कसे इन्स्टॉल करावे

ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांनी पेनड्राइव्हवर आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवावी आणि तासाभरात मोकळे व्हावे. नेटवर्कवरून इन्स्टॉल करण्याची पद्धत उपयोगी पडते ती समोर आठ-दहा लॅपटॉप मांडलेले असताना, किंवा यूएसबी पोर्ट निकामी झालेला असताना. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून कार्यालयांतून निघालेले धडधाकट लॅपटॉप शाळांकडे आणि वाचनालयांकडे गठ्ठ्याने येऊ लागले आहेत, आणि त्यांतले बरेचसे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा गठ्ठ्यासाठी एक पेनड्राइव्ह हातोहात फिरवत बसण्यापेक्षा एकदा नीट मांडणी करून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

येथे उदाहरण डेबियन १३ चे घेतले आहे. ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली आणि तिच्यात ३२-बिट प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही, त्यामुळे फार जुने यंत्र असेल तर ते आधीच बाजूला काढावे. लॅपटॉपमधील माहितीची प्रत काढलेली आहे आणि संपूर्ण डिस्क पुसायला हरकत नाही, हे मी गृहीत धरतो. फाइलींची व सेटिंगांची नावे पुढे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना त्यांचे मूळ स्पेलिंग वापरावे. ते डीएनएसमास्क या पुढे लागणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या नमुना कॉन्फिग फाइलीत आणि डेबियनच्या फोल्डरात सहज सापडते.

तयारी

लिनक्स असलेला एक चालू संगणक, राउटर, आणि दोन लॅन केबली एवढे पुरते. केबल दोन्ही बाजूंना हवी. वाय-फायवरून पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणे, जवळजवळ कोणत्याच लॅपटॉपवर होत नाही, आणि सर्व्हर वाय-फायवर ठेवला तर काही राउटर वायरलेस व वायर्ड यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, मग दोष शोधताना नाकी नऊ येतात. ज्या पातळ लॅपटॉपांना लॅनचे भोकच नसते, त्यांना यूएसबी-लॅन अडॅप्टर लावता येतो, परंतु त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (बायोस किंवा यूईएफआय) असावा लागतो. विंडोजमध्ये चालणारा अडॅप्टर पीएक्सईसाठी चालेलच असे मुळीच नाही. बूट मेनूमध्ये अडॅप्टरचे नाव दिसत नसेल तर त्या लॅपटॉपपुरता पेनड्राइव्ह वापरावा आणि हट्ट सोडावा.

सर्व्हरच्या संगणकावर डीएनएसमास्क हे पॅकेज टाकावे. डेबियनच्या संकेतस्थळावरून एएमडी६४ (६४-बिट इंटेल/एएमडी प्रोसेसर) साठीचा नेटबूट टारबॉल, म्हणजे नेटवर्कवरून बूट होणाऱ्या इन्स्टॉलरचा फाइलसंच, उतरवून तो /एसआरव्ही/टीएफटीपी या फोल्डरात जसाच्या तसा सोडवावा. फाइली सर्वांना वाचता येतील अशा परवानग्या ठेवाव्यात. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा.

हा टारबॉल दर वेळी ताजाच घ्यावा, मागच्या वर्षीचा चालवून घेऊ नये. नेटबूटचा इन्स्टॉलर स्वतःचे बरेचसे भाग इंटरनेटवरील मिररवरून (डेबियनच्या पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर) आणतो. मधल्या काळात मिररवरील कर्नल पुढे गेले असेल, तर जुना इन्स्टॉलर अर्ध्या वाटेत ‘कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत’ अशी तक्रार करून थांबतो. शिवाय जुने शिम (सुरुवातीला चालणारा स्वाक्षरी केलेला छोटा प्रोग्रॅम) रद्दबातल यादीत गेलेले असेल, तर सिक्युअर बूट, म्हणजे मान्य स्वाक्षरीचेच प्रोग्रॅम बूट होऊ देणारी फर्मवेअरची सोय, त्याला दारातच अडवतो.

खरी अडचण येते ती येथे

लॅपटॉपवर ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’ ही ओळ उमटते, आणि सगळे सुरळीत असेल तर थोड्या वेळात डेबियनचा मेनू दिसतो. या दोन क्षणांच्या मध्ये काय चालते हे न समजून घेता सेटिंगे बदलत राहिलात, तर दिवस फुकट जातो. मीही सुरुवातीला याच जागी अडकून पडत असे. मध्ये चालतात ते तीन स्वतंत्र संवाद. लॅपटॉप आधी आयपी पत्ता मागतो, मग कोणती फाइल उघडायची ते विचारतो, आणि मग ती फाइल टीएफटीपीने (फाइली पाठवण्याची एक साधी पद्धत) ओढून घेतो. पहिल्याचे उत्तर राउटरने द्यायचे आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे आपण.

म्हणूनच ‘राउटरचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) बंद करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला मान्य नाही. घरात तो बंद केला की घरच्यांचे फोन बंद पडतात, आणि शाळेत बंद केला की मुख्याध्यापकांच्या खोलीतून निरोप येतो. राउटरचा चालू ठेवून त्याच्या जोडीला दुसरा पूर्ण डीएचसीपी उभा करणे तर त्याहून वाईट, कारण कोणत्या यंत्राला कोणाकडून पत्ता मिळेल याचा मग काही नेम राहत नाही. डीएनएसमास्कला प्रॉक्सी पद्धतीने चालवले की तो पत्ते वाटत नाही. पत्ता राउटरच देतो आणि डीएनएसमास्क फक्त बूट फाइलीचे नाव कळवतो.

कॉन्फिग फाइलीत मोजक्याच ओळी लागतात. पोर्ट शून्य करावा, म्हणजे डीएनएसचे काम बंद होते आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हड या सर्व्हरवरच्या डीएनएस सेवेशी ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून भांडण होत नाही. डीएचसीपी-रेंज या ओळीत आपल्या नेटवर्कचा पत्ता आणि स्वल्पविरामानंतर प्रॉक्सी हा शब्द लिहावा. येथे नमुन्यातला पत्ता डोळे मिटून उतरवू नये. अनेक राउटरांवर तो १९२.१६८.१.० असतो, परंतु जिओफायबरच्या राउटरवर साधारणतः १९२.१६८.२९.० असतो. हा आकडा चुकला तर लॉगमध्ये ‘नो अ‍ॅड्रेस रेंज अव्हेलेबल’ असे स्पष्ट येते. त्यानंतर एनेबल-टीएफटीपी, टीएफटीपी-रूट आणि लॉग-डीएचसीपी या तीन ओळी घालाव्यात. लॉगची ओळ ऐच्छिक समजली जाते. माझ्या मते तिच्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

आता पीएक्सई-सर्व्हिसच्या ओळी. प्रॉक्सी पद्धतीत बूट फाइलीचे नाव याच ओळींनी द्यायचे असते; डीएचसीपी-बूट ही ओळ वापरण्याचा सल्ला नेहमीच्या डीएचसीपीसाठी ठीक आहे, येथे तिच्यावर विसंबू नये. लॅपटॉप आपल्या फर्मवेअरची जात एका आकड्याने सांगतो: जुना बायोस ० सांगतो आणि आजचा ६४-बिट यूईएफआय ७ सांगतो. लॉगमध्ये ‘पीएक्सईक्लायंट:आर्च:००००७’ असे दिसले की समोर यूईएफआय आहे. घोटाळा असा की हे आकडे ठरवणाऱ्या २००६ च्या मूळ दस्तऐवजात ७ हा आकडा ‘ईएफआय बाइट कोड’ साठी आणि ९ हा ६४-बिट यूईएफआयसाठी होता, पण उत्पादकांनी प्रत्यक्षात ७ वापरला, आणि डीएनएसमास्कने २.७६ या आवृत्तीत दोन्ही नावांची अदलाबदल करून वास्तवाशी जुळवून घेतले. वाद घालत बसण्यापेक्षा एक्स८६-६४_ईएफआय आणि बीसी_ईएफआय या दोन्ही नावांच्या ओळी लिहाव्यात आणि दोन्हींत एकच फाइल द्यावी. गठ्ठ्यात जुने बायोसवाले यंत्र असेल तर एक्स८६पीसी या नावाची तिसरी ओळ घालून तिला पीएक्सईलिनक्स.० ही फाइल द्यावी.

यूईएफआयसाठी द्यायची फाइल म्हणजे डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूटनेटएक्स६४.ईएफआय. हा मार्ग संपूर्ण लिहावा. पुष्कळ जण मार्ग लहान व्हावा म्हणून एवढी एकच फाइल उचलून मुळाशी आणून ठेवतात, आणि मग सगळे कोलमडते. ही फाइल म्हणजे शिम असते. ते आपल्या शेजारच्या ग्रबएक्स६४.ईएफआयला हाक मारते, आणि ग्रब (बूट मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) आपला मेनू डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/ग्रब या फोल्डरात शोधतो. शेजार तुटला तर शिम तिथेच थांबते; मेनूची फाइल जागेवर नसेल तर ‘ग्रब>’ एवढीच ओळ लुकलुकत राहते. टारबॉलमधील रचनेला हात लावला नाही, तर यांपैकी काहीच होत नाही.

सिक्युअर बूट बंद करण्याची घाई करू नये. डेबियन २०१९ मधील १० व्या आवृत्तीपासून सिक्युअर बूटसह चालते आणि नेटबूटमधील शिमवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते. काही नव्या लॅपटॉपांवर, विशेषतः थिंकपॅडांवर, मायक्रोसॉफ्टच्या ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला परवानगी देणारे वेगळे सेटिंग असते; तेवढे चालू करावे. ‘लेगसी मोड लावा’ हा सल्ला तर आता सोडूनच द्यावा, कारण अनेक नव्या यंत्रांत तो मोड उरलेलाच नाही.

फायरवॉल असेल तर यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट उघडावेत. पहिले दोन सगळ्यांना आठवतात, तिसरा हमखास राहतो. प्रॉक्सी पद्धतीत लॅपटॉप पत्ता मिळाल्यावर फाइलीचे नाव विचारायला ४०११ वरच येतो, आणि तो बंद असेल तर लॅपटॉपला पत्ता मिळूनही पुढे काहीच घडत नाही.

लॉग कसा वाचावा

सर्व्हरवर जर्नलसीटीएल या आज्ञेने डीएनएसमास्कचा लॉग उघडा ठेवावा आणि मगच लॅपटॉप सुरू करावा. लॅपटॉपच्या पडद्यावरचे संदेश क्षणार्धात निघून जातात, त्यामुळे विश्वास लॉगवरच ठेवावा. लॅपटॉपच्या मॅक पत्त्यासमोर (लॅन कार्डचा ओळख-क्रमांक) ‘प्रॉक्सी’ असा शब्द आला, तर आपला प्रस्ताव गेला. त्यापाठोपाठ त्याच मॅक पत्त्याबरोबर आयपी पत्ता आणि बूट फाइलीचे नाव आले, तर दुसरा संवादही पार पडला.

यानंतर येणारी एक ओळ नवख्याला घाबरवते: ‘एरर ८ यूझर अबॉर्टेड द ट्रान्सफर’, आणि तिच्याखाली फाइल पाठवता आली नाही अशी नोंद. येथे काहीही बिघडलेले नसते. फर्मवेअर आधी फाइलीचा फक्त आकार विचारते, उत्तर मिळताच ती मागणी स्वतःच रद्द करते आणि लगेच तीच फाइल पुन्हा मागते. खाली ‘सेंट’ अशी ओळ आली की झाले. ही त्रुटी दूर करण्यासाठी परवानग्या बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

लॉगमध्ये काहीच उमटत नसेल आणि लॅपटॉप पीएक्सई-ई१६ दाखवत असेल, तर विनंती आपल्यापर्यंत पोहोचतच नाही: केबल, फायरवॉल आणि स्विच तपासावेत. शाळा-कॉलेजांतल्या मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचे वेटोळे टाळणारी सोय) चालू असते, आणि पोर्ट जिवंत झाल्यावर तो वाहतूक पुढे सोडायला सुमारे ३० सेकंद घेऊ शकतो. तोवर पीएक्सई कंटाळून निघून गेलेले असते. त्या पोर्टला पोर्टफास्ट लावावे किंवा मध्ये एक साधा स्वस्त स्विच ठेवावा. उलट, फाइलीचे नाव गेले पण टीएफटीपीची एकही ओळ आली नाही, तर राउटर आपल्या उत्तरात स्वतःलाच पुढचा सर्व्हर म्हणून सांगतो आहे का, ते टीसीपीडंपने (नेटवर्कवरील वाहतूक दाखवणारे साधन) पाहावे. तसे असेल तर त्या राउटरशी झुंजू नये, दुसरा वापरावा.

लॅपटॉपकडची बाजू

फर्मवेअरमध्ये नेटवर्क स्टॅक चालू करावा, फास्ट बूट बंद करावे. बूट मेनूसाठी डेल व लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. आयपीव्ही४ ची नोंद निवडावी.

डिस्क दिसत नसेल तर फर्मवेअरमध्ये इंटेलचे आरएसटी किंवा व्हीएमडी हे डिस्कचे मोड बंद करून साधा एएचसीआय मोड लावावा.

इन्स्टॉलर

मेनू दिसला की कठीण भाग संपला. इन्स्टॉल निवडून प्रश्नांची उत्तरे देत जावे, मिरर म्हणून डेब.डेबियन.ऑर्ग ठेवावा, आणि पार्टिशनच्या प्रश्नाला संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय द्यावा. ४ जीबी रॅम असेल तर डेस्कटॉप एक्सएफसीई घ्यावा. तेवढ्या रॅमवर ग्नोम चालतो, पण वापरणारा वैतागतो.

येथे एक प्रश्न सगळे रिकामा सोडतात, तो एचटीटीपी प्रॉक्सीचा. लॅपटॉप अनेक असतील तर सर्व्हरवर आधीच एपीटी-कॅशर-एनजी टाकून ठेवावे आणि या प्रश्नाला सर्व्हरचा पत्ता ३१४२ या पोर्टसह द्यावा. पहिला लॅपटॉप पॅकेजे इंटरनेटवरून आणतो, बाकीच्यांना ती सर्व्हरवरूनच मिळतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्या शाळेत याच एका गोष्टीने दिवस वाचतो. मात्र हा पत्ता इन्स्टॉलनंतर लॅपटॉपच्या एपीटीच्या कॉन्फिग फाइलीत तसाच राहतो. लॅपटॉप दुसरीकडे जाणार असेल तर ती ओळ काढून टाकावी, नाहीतर तिथे एकही अपडेट उतरणार नाही.

नेटबूटच्या इनिटआरडीमध्ये (कर्नलबरोबर लोड होणारा प्राथमिक फाइलसंच) वाय-फायची फर्मवेअर नसते. केबल लावलेलीच असल्यामुळे इन्स्टॉलरने त्याबद्दल विचारले तरी पुढे जावे, आणि पहिल्या बूटनंतर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय किंवा फर्मवेअर-रिअलटेक यांपैकी लागू असेल ते पॅकेज टाकावे. ते सापडले नाही, तर सोर्सेसच्या फाइलीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग जोडलेला आहे का ते पाहावे. मराठीसाठी टास्क-मराठी-डेस्कटॉप टाकले की फॉन्ट व भाषांतरे एकदम येतात.

काम झाल्यावर लॅपटॉपचा बूट क्रम पुन्हा डिस्कवर आणावा आणि सर्व्हरवरील डीएनएसमास्क बंद करून तो आपोआप सुरू होणार नाही असे पाहावे. प्रीसीड फाइल वापरून विनाप्रश्न इन्स्टॉल करणारी मांडणी केली असेल, तर ही सेवा क्षणभरही वाऱ्यावर सोडू नये. त्या नेटवर्कवर चुकून पीएक्सईने सुरू झालेला कोणाचाही लॅपटॉप ती काही न विचारता पुसून टाकू शकते.