मांजरांची भांडणं मिटवायची तर आधी घर वाटून द्या

घरातली मांजरं भांडायला लागली की शेजारीपाजारी एकच सांगतात, "सोडा हो, त्यांचं ती बघून घेतात." हे ऐकू नका. मांजर एकट्यानं शिकार करून जगणारा प्राणी आहे. भांडण झाल्यावर समेट करायची रीत त्यांच्यात फारशी नाही. एकाला दुसऱ्याची धास्ती बसली की ती दर भांडणागणिक वाढत जाते.

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, जुनं कौलारू. पुढं पडवी, तिथं माझं शिलाईचं मशीन, मागं परडं, आणि घरात चार मांजरं. उन्हाळ्यात ती दिवसभर परड्यात आणि कौलांवर पांगलेली असतात, त्यामुळं कुणाचं कुणाशी पटतंय ते कळतही नाही. मृगाचा पाऊस लागला की चारही आत येतात आणि पुढचे तीन-साडेतीन महिने त्याच चार खोल्यांत काढतात. भांडणं उफाळतात ती तेव्हा.

खेळ आणि भांडण यातला फरक आधी ओळखा. खेळात आवाज फारसा नसतो, नख्या आत असतात, कधी हा वर तर कधी तो वर, आणि दमली की शेजारी बसून अंग चाटतात. भांडणात कान मागं चपटे होतात, शेपूट फुगते, घशातून लांब गुरगुर नाहीतर किंकाळी निघते आणि संपल्यावर एकजण पलंगाखाली जाऊन बसतं, जेवायलाही येत नाही.

माझ्या मते सगळ्यात वाईट भांडण बिनआवाजाचं. आमचा तांबू आणि मनी एकाच वेतातली. लहानपणी एका बुट्टीत झोपायची. तीन वर्षांची झाल्यावर सगळं बदललं. याच वयात, दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, मांजरं पुरती वयात येतात आणि आपली हद्द ठरवायला लागतात. तांबू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा. बसणं अगदी साधं, पुढचे पाय पोटाखाली घेतलेले. पण नजर मनीवर रोखलेली, पापणी हलत नाही, शेपटीचं टोक तेवढं फरशीवर आपटतंय. मनीचा शी-शूचा, माती भरलेला डबा उंबऱ्यापलीकडं. ती दोन पावलं पुढं यायची, थांबायची, मान वळवून भलतीकडंच बघायची आणि परत फिरायची. मग माझ्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात मुतायची. घरातले म्हणायचे, मनीला घाण सवय लागली. सवय कसली, तिची वाट अडवलेली होती. असं दिसलं की दोघांनाही ओरडू नका, मारू नका. मधे एक पुठ्ठा सरकवा. नजर तुटली की अडवणारं मांजर बहुतेक वेळा उठून जातं.

घर वाटून द्या म्हणते ते यासाठीच. मांजरं जितकी, त्याहून एक डबा जास्त, आणि सगळे वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे मांजराच्या हिशेबी एकच, कारण एक मांजर दोन्ही अडवू शकतं. डबा कोंडीच्या कोपऱ्यात नको, जिथून दोन बाजूंनी निघता येईल अशा जागी हवा. मी खानापूरच्या कुंभारांकडची पसरट मातीची भांडी वापरते, जड असल्यानं कलंडत नाहीत. पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच चाळून पोत्यांत भरून ठेवते. माती संपली तर लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो. दिवसातून दोनदा घाण काढा. खायच्या ताटल्याही लांब लांब, एकमेकांना दिसणार नाहीत अशा. बांगडा आणला त्या दिवशी तर प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावूनच वाढा.

उंचीवरच्या जागाही वाटा. कपाटावर पोतं, भिंतीला फळी, माळ्याची शिडी. घाबरट मांजराला वरून सगळी खोली दिसली की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. फक्त वर जायला एकच वाट आणि तिथंच दादा बसलेला, असं होऊ देऊ नका.

शांत मांजर अचानक अंगावर धावायला लागलं तर मात्र डबे-फळ्या नंतर, आधी डॉक्टर. दात किडलेला असेल, कान दुखत असेल, सांधे धरलेले असतील. म्हाताऱ्या मांजराचं थायरॉइड वाढलं तरी ते चिडखोर होतं. बोका पुन्हा पुन्हा डब्यात बसतोय, कण्हतोय आणि लघवी उतरत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आणि पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं नसेल तर करून घ्या, बोक्यांचंही आणि माद्यांचंही. पाच-सहा महिन्यांचं पिल्लू झालं की करता येतं. बोक्याची रग त्याच दिवशी उतरत नाही, काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा.

डॉक्टरांकडून परत आणलेल्या मांजरावर घरचंच मांजर फिस्कारतं, हेही लक्षात असू द्या. मांजर ओळख पटवतं ती मुख्यतः वासानं, आणि परत आलेल्याच्या अंगाला औषधाचा वास असतो. त्याला एक रात्र वेगळ्या खोलीत, घरातल्याच गोधडीवर ठेवा.

काही वेळा राग दुसऱ्याचाच असतो. परका बोका पडवीत येऊन मुताचा फवारा मारून जातो, आतलं मांजर खिडकीतून बघून पेटतं, आणि शेजारी झोपलेल्या गरीब मांजरावर तुटून पडतं. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडं फटाके जोरात असतात, त्यानंही हेच होतं. अशा वेळी पेटलेल्या मांजराला उचलायला जाऊ नका. दोघांना वेगळ्या अंधाऱ्या खोल्यांत सोडा, पाणी ठेवा आणि शांत होईपर्यंत तसंच राहू द्या. काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. परका बोका येतो ती खिडकी खालून कागद चिकटवून झाका.

चालू भांडणात हात कधीच घालायचा नाही. मोठा पुठ्ठा किंवा पाट मधे घाला, नाहीतर एकावर जाड चादर टाका. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात. वरचं भोक मिटतं आणि आत पू धरतो. म्हणून भांडणानंतर दोन ते चार दिवस अंगावरून हात फिरवून गाठ, ऊब, दुखरी जागा शोधत राहा, आणि सापडली तर डॉक्टर गाठा. जखमेवर डेटॉल लावू नका, तापाची पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजराला ती विष आहे. तुम्हाला चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीबद्दल विचारा. मांजरांनाही तीन महिन्यांची झाली की ही लस द्या आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी पुन्हा टोचून घ्या.

एवढं करूनही दोघांचं वैर टिकलं, तर पूर्ण वेगळं करून नव्यानं ओळख करून द्यायची. प्रत्येकाला आपली खोली, आपला डबा, आपलं पाणी. दोन्ही निवांत जेवायला लागेपर्यंत तसंच. मग सुती कापडाचे दोन तुकडे घ्या, एकेक दोघांच्या गालांवरून, ओठांच्या कडेनं फिरवा आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवा. मनीनं तांबूचा तुकडा पहिल्यांदा हुंगला तेव्हा कान मागं गेले आणि ती ताटली सोडून निघाली. अशा वेळी तुकडा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. त्यावर मान घासायला लागली की पुढची पायरी: बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं आवडतं खाणं. त्यानंतर अधूनमधून खोल्यांची अदलाबदल. मग दाराला जाळी लावून, खाता खाता दोन मिनिटं दर्शन. नजर रोखली जाण्याआधीच पडदा पाडा. कुठंही गुरगुर झाली तर एक पायरी मागं या. याला काही आठवडे लागतात, वैर जुनं असेल तर महिने.

दोघं गळ्यात गळे घालून झोपतील ही अपेक्षा ठेवू नका. एकमेकांच्या जवळून न थांबता गेली, एकमेकांकडं पाठ करून बसली, की जमलं समजा. काहींचं कधीच जमत नाही. त्यांना कायमचं दोन खोल्यांत ठेवण्यात काही वाईट नाही, आणि भीती फारच असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. जाळी काढल्यावरही पहिले काही आठवडे रात्री आणि घरात कुणी नसताना मधलं दार लावूनच ठेवा.